पसंतीक्रम

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला. शनिवारी सातला मला फोन करायची हिंमत सर्व्हर आडवा झाल्याशिवाय कोणी करत नाही, म्हणून धडपडत उठलो. तर फोन भाचीचा, सईचा. सई बारावीला आहे आणि एनडीएच्या परीक्षेचा अर्ज भरायला बसली होती.

"मामा, इथे पसंतीक्रम विचारलाय. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स. तू काय लिहिलं होतंस?"

"एअर फोर्स पहिलं, मग नेव्ही, मग आर्मी."

"का?"

आता आली का पंचाईत! पंचवीस वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जाचं कारण अर्धवट झोपेत कसं सांगणार? "उद्या जेवायला येतोय ना, तेव्हा बोलू," म्हणून फोन ठेवला. झोप मात्र उडाली ती उडालीच. मग चहा टाकला आणि दिवसभर हाच विषय घेऊन बसलो. त्यातून हा लेख.

म्हणजे बघा, समुद्र फक्त गणपतीपुळ्याला पाहिलाय, डोंगर फक्त सिंहगडाचा चढलाय आणि विमान बहुतेक वेळा खालूनच पाहिलंय, अशा सतरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने जमीन, पाणी आणि आकाश यांचा क्रम लावायचा. आपण इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर की मेकॅनिकल की ईएनटीसी हे ज्या ज्ञानावर ठरवलं, त्याच ज्ञानावर. म्हणजे मार्क किती पडले, वरच्या मजल्यावरचा दादा काय म्हणाला आणि गेल्या वर्षीचा कटऑफ किती होता! फरक एवढाच की मेकॅनिकल करूनही सॉफ्टवेअरमध्ये येता येतं (आमच्या टीममधले निम्मे तसेच आलेत). जहाजावरून उतरून रणगाड्यात बसायचं म्हटलं तर सहसा जमत नाही.

आधी माझी गोष्ट सांगून टाकतो. ती छोटी आहे.

साल २०००. आदल्याच वर्षी कारगिल झालेलं, आणि आमच्या पिढीने ते युद्ध टीव्हीवर पाहिलेलं. वर्गातल्या निम्म्या पोरांनी एनडीएचा अर्ज भरला होता. तेव्हा ऑनलाइन वगैरे भानगड नव्हती, मोठ्या पोस्टातून छापील अर्ज आणायचा. आम्ही विश्रांतवाडीला राहायचो, लोहगावचा विमानतळ जवळ. अर्ज मी आणि ताईने जेवणाच्या टेबलावर बसून भरला. माझं अक्षर म्हणजे मुंगीचे पाय, त्यामुळे सगळा मजकूर तिने लिहिला, मी सही केली.

लेखी परीक्षा पास झालो आणि मुलाखतीला बोलावणं आलं. पाच दिवसांचा मुक्काम, छातीवर नंबर. ज्यांनी वैमानिक व्हायचं असं लिहिलं होतं, त्यांची एक वेगळी चाचणी होती. पडद्यावर एक ठिपका पळत असतो, हातात एक दांडा, पायाखाली पेडल, आणि तो ठिपका चौकटीत धरून ठेवायचा. गोम अशी की ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात, तर त्या मार्गाने वैमानिक होणं कायमचं संपलं. आज तिचं यंत्र बदललंय, संगणक आलाय, पण एकदाच देता येण्याचा नियम तोच आहे. दुपारी यादी वाचून दाखवली. माझा नंबर त्यात नव्हता. उरलेल्या दिवसांत बाकीची दोन दारंही बंद झाली आणि मी घरी येऊन इंजिनिअरिंगचे अर्ज भरायला लागलो. तिथेही पसंतीक्रम होताच!

असो. मुद्दा माझा नाही. वाचताना मला जाणवलं ते असं की 'कोणत्या दलात जाऊ' हा प्रश्न पडणं हीच मुळात नवीन चैन आहे. त्याआधी बराच काळ हा प्रश्न तरुणांना कोणी विचारतच नसे. त्यांच्या वतीने दुसरंच कोणीतरी ठरवून मोकळं व्हायचं.

इंग्रजांच्या काळात ते ठरवायचं काम जातीने केलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी 'लढवय्या जाती' नावाचं एक शास्त्र काढलं. अमुक जमाती जन्मजात शूर, तमुक नाहीत. या शास्त्राचा सगळ्यात मोठा फटका आपल्याकडे महार समाजाला बसला. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई पिढ्यान् पिढ्या लढले होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि खुद्द बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतला. त्यानंतर थोड्याच वर्षांत महारांची भरती थांबवली गेली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी अर्जविनंत्या केल्या, उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडला, बेळगावात, आणि त्यामागे बाबासाहेबांचा सततचा पाठपुरावा होता. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं एका सबंध समाजातल्या मुलांपुढे पसंतीक्रमाचा रकानाच नव्हता. जिथे अर्जच मिळत नाही, तिथे पहिली पसंती कसली आणि तिसरी कसली!

अधिकारी होण्याची दारं उघडली तीही हळूहळू. गंमत म्हणजे दोन मोठी दारं एकाच आठवड्यात उघडली. १ ऑक्टोबर १९३२ ला डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत चाळीस मुलांची पहिली तुकडी दाखल झाली आणि ८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय हवाई दलाची कायद्याने स्थापना झाली. नौदलाला 'रॉयल इंडियन नेव्ही' हे नाव मिळायला १९३४ उजाडलं.

डेहराडूनच्या त्या पहिल्या चाळिसांत सॅम माणेकशा होते. त्यांनी सैन्य का निवडलं? देशप्रेम, परंपरा, शौर्य असं काहीतरी उत्तर अपेक्षित असतं ना? तर त्यांना लंडनला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. वडील स्वतः डॉक्टर, ते म्हणाले तू अजून लहान आहेस, एवढ्यात नाही पाठवणार. पोरगं रागावलं आणि रागाच्या भरात अकॅडमीच्या परीक्षेला बसलं. भारताला पहिला फील्ड मार्शल मिळाला तो घरातल्या एका भांडणामुळे.

हवाई दलाचं त्याहून मजेशीर. १९३० साली इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या कॉलेजात सहा भारतीय तरुण पाठवले होते. त्यातले पाच वैमानिक झाले. त्यांत सुब्रतो मुखर्जी होते, पुढे १९५४ मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले ते. सहावे जे. एन. टंडन. त्यांची उंची कमी भरली! त्यामुळे ते उडू शकले नाहीत, त्यांना साठा-पुरवठ्याच्या कामाला लावलं. म्हणजे आपल्या हवाई दलाच्या अगदी पहिल्या सहा जणांतही एकाचा पसंतीक्रम मोजपट्टीने बदलला होता. पण त्यामुळेच जमिनीवरून हवाई दल चालवणाऱ्या भारतीय अधिकाऱ्यांची सुरुवात टंडन यांच्यापासून झाली. विमानं उडायची तर इंधन, सुटे भाग, दारूगोळा हे सगळं कोणीतरी वेळेवर आणून ठेवावंच लागतं.

इथपर्यंत तिन्ही दलांची मुलं वेगवेगळी शिकत होती. दुसऱ्या महायुद्धाने दाखवून दिलं की हे असं चालणार नाही. समुद्रातून सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर जहाजवाला, विमानवाला आणि पायदळवाला यांना एकमेकांची भाषा कळायला हवी. १९४५ साली सरसेनापती ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटसारखी संस्था काढावी असं डोक्यात होतं, पण समितीचा अहवाल एक पाऊल पुढे गेला. तिन्ही दलांच्या मुलांना आधी एकत्र शिकवायचं आणि मग वेगळं करायचं.

१ जानेवारी १९४९ ला डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउनला 'जॉइंट सर्व्हिसेस विंग' नावाने ही गोष्ट सुरू झाली. कायमच्या जागेसाठी निवड झाली आपल्या खडकवासल्याची. का? तलाव आहे, आजूबाजूला डोंगर आहेत, अरबी समुद्र फार लांब नाही आणि लोहगावला विमानतळ आहे. शिवाय महायुद्धात या तलावाच्या काठी सैन्य जहाजातून किनाऱ्यावर कसं उतरवायचं याचं प्रशिक्षण चाले. त्यासाठी 'एचएमएस अँगोस्टुरा' नावाचं नकली जहाज तिथे बांधलेलं होतं! सिंहगडाच्या पायथ्याशी ब्रिटिश नौदलाचं जहाज... कांदाभजी खायला आपण ज्या रस्त्याने दर पावसाळ्यात जातो, त्याच्या जवळपास. ६ ऑक्टोबर १९४९ ला पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ ला एनडीएचं रीतसर उद्घाटन झालं. घुमट असलेली जी मुख्य इमारत फोटोत दिसते तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने १९४१ साली एक लाख पौंड दिले होते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यातले सत्तर हजार आले, ते या इमारतीच्या कामी आले.

आता एनडीएची रचना बघा. अर्जात पसंतीक्रम भरून आत आलेली मुलं दलानुसार वेगळी ठेवत नाहीत. एकाच स्क्वॉड्रनमध्ये पुढे पायदळात जाणारा, जहाजावर जाणारा आणि विमान चालवणारा असे शेजारी शेजारी राहतात, एकत्र पळतात, एकाच्या चुकीची शिक्षा सगळे भोगतात. तीन वर्षांपैकी बहुतेक काळ अभ्यासही सारखाच. मग तिथून लष्करवाले डेहराडूनला, नौदलवाले केरळात एळिमलाला आणि हवाई दलवाले हैदराबादजवळ दुंडिगलला. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी सगळ्यांना एकच कोअर लायब्ररी, मग वेगवेगळी प्लॅटफॉर्म्स! :-)

हे किती लांबवर पोचतं याची दोन उदाहरणं.

क्लेमेंट टाउनच्या पहिल्याच, १९४९ च्या तुकडीत तीन मुलं होती. सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज, घराणं मूळचं गोव्याचं, जन्म मुंबईचा. लक्ष्मीनारायण रामदास, जन्म माटुंग्याचा. आणि निर्मलचंद्र सूरी. पहिला तोफखान्यात गेला, दुसरा नौदलात, तिसरा हवाई दलात. ३१ जुलै १९९१ पासून पुढची जवळजवळ दोन वर्षं हे तिघं एकाच वेळी आपापल्या दलाचे प्रमुख होते. बेचाळीस वर्षांपूर्वी एका मैदानावर कवायत केलेली पोरं!

योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर २०१९ च्या शेवटी पुन्हा तेच झालं. लष्करप्रमुख मनोज नरवणे, नौदलप्रमुख करमबीर सिंग आणि हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंग भदौरिया, तिघंही १९७६ साली एनडीएत दाखल झालेल्या ५६ व्या कोर्सचे. नरवणे पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचे, करमबीर सिंग देवळालीच्या बार्न्स स्कूलचे. आणि खरी गंमत पुढेच आहे. तिघांचेही वडील हवाई दलात होते!

या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. तिघांच्याही घरी हवाई दलाचं वातावरण, तिघंही विमानांच्या आवाजात वाढलेले. त्यातला एकच हवाई दलात गेला. नरवणे शीख लाइट इन्फंट्रीत, म्हणजे पायदळात. करमबीर सिंग नौदलात गेले, पण तिथे जाऊन झाले काय, तर हेलिकॉप्टरचे वैमानिक! नौदल निवडलं म्हणून आकाश सुटलं नाही. लष्करालाही स्वतःची हेलिकॉप्टरं आहेत. आपण बाहेरून ज्याला तीन बंद डबे समजतो, त्यांच्या आतल्या भिंतींना बरीच दारं आहेत.

कधीकधी ती दारं फार विचित्र रीतीने उघडतात. अर्देशीर तारापोर यांचं उदाहरण घ्या. जन्म १९२३ चा, शाळा पुण्याची. यांचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या पदरी होते आणि त्यांना इनाम मिळालेल्या गावांतलं मुख्य गाव तारापूर, म्हणून आडनाव तारापोर, असं सांगतात. हे गृहस्थ हैदराबाद संस्थानच्या फौजेत दाखल झाले. मनात होतं चिलखती दल, मिळालं पायदळ. एकदा हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू असताना एका जवानाच्या हातून जिवंत बॉम्ब चुकून जवळच पडला. तारापोरांनी उडी मारून तो उचलला आणि लांब फेकला. फेकता फेकता तो फुटला आणि यांच्या छातीत तुकडे घुसले. हे पाहून प्रभावित झालेले संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी त्यांना बोलावून शाबासकी दिली. आपल्यापैकी कोणीही अशा वेळी "थँक्यू सर" म्हणून बाहेर पडलं असतं. तारापोरांनी बदली मागितली! आणि ती मिळाली. संस्थान विलीन झाल्यावर ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये आले. १८१७ साली पुण्यात उभी राहिलेली ही रेजिमेंट. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात तिचं नेतृत्व करताना ते जखमी झाले, मागे जायला नकार दिला आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. मनासारखी शाखा मिळवण्यासाठी माणसं काय काय करतात, आणि मिळाल्यावर तिची किंमत कशी मोजतात, हे मला यात दिसलं.

आणि ज्या शाखेला सहसा कोणी पहिली पसंती म्हणत नाही, तिचं काय? एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरीचा रस्ता. शत्रूने झाडं पाडून आणि सुरुंग पेरून वाट बंद केलेली. रणगाडे पुढे न्यायचे तर आधी कोणीतरी वाट मोकळी करायला हवी. हे काम कारवारकडच्या सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांच्या तुकडीकडे आलं. राणे इंजिनिअर्सचे, बॉम्बे सॅपर्सचे, ज्यांचं मुख्य ठाणं आपल्या खडकीला आहे. गोळीबार चालू असताना राणे रणगाड्याच्या खाली पोटावर सरपटत पुढे सरकत होते आणि दोरी ओढून वर बसलेल्या चालकाला खुणा करत होते. ८ एप्रिलपासून ११ एप्रिलपर्यंत हे चाललं. राजौरीपर्यंत रणगाडे पोचले, ते या माणसामुळे. त्यांनाही परमवीरचक्र मिळालं. रणगाड्यांना पुढे सरकू देणारा माणूस रणगाडा दलाचा नव्हता. 'सपोर्ट'ला नाक मुरडणाऱ्या आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनी ही गोष्ट कुठेतरी लिहून ठेवावी.

पण सगळं शेवटी गोडच होतं असा सूर मला लावायचा नाही. काही दारं बंद होतात ती होतातच. 'अग्निपंख' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय. १९५८ साली अब्दुल कलाम हवाई दलाच्या मुलाखतीसाठी डेहराडूनला गेले. पंचवीस उमेदवार, आठ जागा. कलाम नववे आले. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे, रॉकेट, अग्नी, राष्ट्रपती भवन. 'बरं झालं निवड झाली नाही ते' असं आपण आज म्हणतो. पण स्वतः कलामांनी ही नवव्या क्रमांकाची खंत आत्मचरित्रात लिहून ठेवली. आणि ८ जून २००६ ला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राष्ट्रपती म्हणून ते लोहगावच्या तळावर आले आणि सुखोईत बसून उडाले. अठ्ठेचाळीस वर्षांनी! माणूस कुठेही पोचला तरी जो अर्ज नामंजूर झाला तो त्याच्या लक्षात राहतो.

मुलींच्या बाबतीत तर अर्ज नामंजूर व्हायचाही प्रश्न नव्हता. तो भरताच येत नव्हता. १९९२ साली नौदलाने पहिल्यांदा महिलांना अधिकारी म्हणून काही शाखांत घेतलं, तेव्हा नौदलप्रमुख होते माटुंग्याचे तेच रामदास. लष्कर आणि हवाई दलही त्याच सुमारास त्या वाटेने गेले. पण ही दारं पदवीनंतरची आणि ठरावीक वर्षांच्या नोकरीची. बारावीनंतर एनडीए, हे फक्त मुलांसाठी होतं. १८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला. २०२२ साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या सतरा जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. खेत्रपाल परेड ग्राउंड नावाच्या त्या मैदानावरून. हे अरुण खेत्रपाल म्हणजे १९७१ मध्ये एकविसाव्या वर्षी परमवीरचक्र मिळवणारा अधिकारी. रेजिमेंट पुन्हा तीच, पूना हॉर्स. वडील इंजिनिअर्समध्ये, मुलगा रणगाड्यांवर.

तर हे सगळं डोक्यात घेऊन रविवारी ताईकडे जेवायला गेलो. सई वही घेऊनच बसली होती. मी तिला काय सांगितलं ते इथे लिहितो, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

पहिलं, आकडे बघ. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत एनडीएच्या साधारण ३७० जागांपैकी २०८ लष्कराच्या, १२० हवाई दलाच्या आणि ४२ नौदलाच्या असतात. मुलींसाठी त्यातल्या थोड्याच. नेमकी विभागणी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहायची. पसंती म्हणजे हक्क नव्हे. गुणवत्ता यादी, वैद्यकीय तपासणी आणि जागा, या तिन्हींतून जे उरेल ते हातात येतं. डोळे, उंची, वैमानिकासाठी तर पायांची लांबीसुद्धा मोजतात. ते आपल्या हातात नाही, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

दुसरं, पोस्टरवरचा दिवस बघून ठरवू नकोस. पोस्टरवर विमान ढगातून येतं, जहाज लाटा कापतं आणि जवान शिखरावर झेंडा लावतो. असे दिवस थोडे. प्रत्येक दलाचा कंटाळवाणा मंगळवार कसा असतो ते विचार. महिनोन् महिने जमीन न दिसता तेच चार चेहरे, हे चालेल का? दोन वर्षांत एकदा बिऱ्हाड हलवून, मोबाइलला रेंज नसलेल्या ठाण्यावर शंभर जवानांची सुखदुःखं ऐकत राहणं चालेल का? हवाई दलात जाऊन न उडता, हँगरमध्ये किंवा रडारसमोर बसून दुसऱ्याला सुखरूप उडवणं चालेल का? ज्याचा कंटाळवाणा मंगळवार तुला सोसेल, तो पहिला नंबर. हे सूत्र मी नोकऱ्या बदलतानाही वापरलं असतं तर बरं झालं असतं!

तिसरं, क्रम स्वतःचा लिही.

"म्हणजे? तुझा स्वतःचा नव्हता?" सईने पकडलंच.

मग मी तिला सांगितलं. लोहगावचं विमान डोक्यावरून गेलं की न बघता नुसत्या आवाजावरून ते कोणतं आहे हे आमच्या घरात एकच माणूस ओळखायचं. पेपरातली विमानांची चित्रं कापून वहीत चिकटवणारी तीच. गणितात माझ्यापेक्षा पंधरा मार्क जास्त मिळवणारीही तीच. २००० साली त्या जेवणाच्या टेबलावर अर्ज माझा होता, पण रकान्यात एअर फोर्स, नेव्ही, आर्मी हा क्रम तिने मला न विचारता लिहिला आणि मी न वाचता सही केली. तिच्यासाठी तो अर्ज नव्हताच. पुढे तिने बी.कॉम. केलं, बँकेत लागली. पदवीनंतरचं दार उघडं होतं हे घरात कोणी काढलं नाही, मीही नाही. त्या ठिपक्याच्या खेळात मी नापास होऊन आलो तेव्हा घरात सगळ्यात जास्त गप्प कोण होतं, याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

ताई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिला सगळं ऐकू येत होतं. लाटण्याचा आवाज थांबला नाही.

"मग तुझं काय ठरलं?" मी सईला विचारलं. खरं सांगायचं तर उत्तर काय येणार हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

"नेव्ही पहिलं," सई म्हणाली. "मग आर्मी. एअर फोर्स तिसरं. मला विमानांचं एवढं काही वाटत नाही."

लाटणं थांबलं. मी ताईकडे बघायचं टाळलं. दोन-चार सेकंद गेली असतील.

"नेव्ही म्हणतेस," आतून आवाज आला, "पण पोहायला येतं का तुला नीट? उद्यापासून टिळक तलावावर जायचं. सहाला उठवीन."

आणि तव्यावर पोळी पडल्याचा आवाज आला.